चौथा हात

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात शेडकार्ड मी तीनदा उलटलं.
पंख्यासारखं उघडतं ते: बदामी, मोतिया, साय,
सायीच्या अलीकडची साय.
तेवीस वर्षं आमच्या भिंती ह्याच गल्लीत राहिल्या.
बोट ठेवलं ते शेवटच्या पट्टीवर,
काळसर लाल,
आमसूल आतून ओलं असतं तसा.

"देवघराला काय?"
न्हाई, म्हटलं, हॉलला. एकच भिंत, ह्यांच्या खुर्चीसमोरची.
"वैनी, फिकट घ्या. लालनं घर ल्हान दिसतंय."
ल्हानच आहे. दिसू दे.
का लाल, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.
डोळा कुठंतरी अडखळायला हवा होता, एवढंच.

इर्शाद शिकलगार आला शिडी घेऊन
आणि पहिल्या दिवशी त्यानं भिंत राखाडी करून ठेवली.
मी स्वयंपाकघरातून ओरडले, अरे, हे काय?
तो न वळता म्हणाला,
"लालला खाली राख लागती, मावशी.
पांढऱ्यावर दिला तर जन्मभर पातळच ऱ्हातोय."
रात्री मी दोनदा उठून बघून आले.
न बोलावलेल्या पाव्हण्यासारखी
ती हॉलमध्ये उभी होती.

पहिला हात: नुसते चट्टे.
दुसरा: ब्रशचे माग, ओले केस विंचरल्यासारखे.
घाटगे वहिनी वाटी परत द्यायला आल्या
आणि ती हातातच धरून म्हणाल्या,
"अगं बाई, मटणाचं दुकान काढताय व्हय?"
मी हसले.
मग धुऊन आणलेली वाटी पुन्हा घासली.

तिसऱ्या हाताला डबा संपला.
चौथ्यासाठी परत लक्ष्मीपुरी, परत केएमटी,
डबा मांडीवर, झाकणावर दोन्ही हात.
ब्रेक लागला की आत काहीतरी डुचमळायचं.

ह्यांनी काही विचारलं नाही.
शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं, भट्टीपाशी.
मार्चात सुटले, तेव्हापासून
खुर्चीत बसतात, समोर बघतात,
समोर भिंत असते.
बोलले नव्हते कुणाला, पण धाकधूक होती:
जन्मभर जाळ बघितलेल्या माणसापुढं
मी परत तोच आणून उभा करते आहे.

चौथा हात वाळला त्या संध्याकाळी
ट्यूब नको, म्हणाले. जुना पिवळा बल्ब लावायला लावला.
भिंत जराशी आत सरकली.
कॅलेंडरचा खिळा, कपाटाची कड,
चार्जरची लोंबणारी पांढरी वायरसुद्धा
तिच्यापुढं नीटनेटकी वाटायला लागली.
बराच वेळ बसून होते. मग म्हणाले,

"ओतताना लोखंड लाल नसतंय.
पांढरं असतंय. बघवत न्हाई.
मग पिवळं, मग नारिंगी,
तवर कोण कुणाशी बोलत न्हाई.
साचा फोडला की ह्यो रंग येतोय. ह्योच.
म्हंजे आता सांडत न्हाई, उडत न्हाई,
कुणाचा हात जात न्हाई.
ह्यो दिसला की आम्ही च्या मागवायचो."

कुणाचा हात गेला होता, ते मी विचारलं नाही.
उठले. दूध अर्ध्या कपाचं होतं,
तेच दोघांत केलं.

स्विचबोर्डाच्या वर बोटभर राखाडी राहून गेलीय.
इर्शाद म्हणाला होता, फोन करा, येऊन मारून देतो.
आठवडा झाला.
फोन तिथंच, चार्जिंगला लावलेला असतो.